सुतकातली चिल्लर

बाळंतपणाहून सासरी परत आले तेव्हा माझ्या बाबांनी बाळंतविड्यात कुंची, झबली, चांदीची वाटी आणि एक एसी दिला होता. "सोलापूरचा उन्हाळा आहे बाई," एवढंच ते म्हणाले. मागच्या खोलीत ऊन कमी येतं म्हणून एसी तिथं लागला, पाळण्याची कडी तिथं ठोकली, आणि ती खोली शाल्मलीची झाली.

मार्च संपता संपता त्या खोलीत दोन मशिनं आली आणि शाल्मली हॉलमध्ये आली.

मशिनं माझ्या नवऱ्याची. हृषीकेश ज्युनिअर कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. त्यानं आणि त्याच्या वर्गमित्रानं, नवी पेठेत कापडाचं दुकान असलेल्या राजशेखरनं, मिळून एक नाणं काढलं होतं. मोबाइलमधलं नाणं. नाव 'चिल्लर'. दुकानदार सुट्टे नाहीत म्हणून हातावर चॉकलेट टेकवतो, त्याऐवजी त्यानं गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चिल्लर टाकायची, अशी कल्पना. लोक मोबाइलवरून थेट पैसे द्यायला लागल्यापासून नवी पेठेत सुट्ट्यांचा प्रश्नच उरला नव्हता, पण उत्तर इतकं छान होतं की प्रश्नाचं कुणी मनावर घेतलं नाही. आमच्या शुक्रवार पेठेतल्या दुकानांनीही ते घेतलं. सासूबाईंना कोथिंबिरीवर पहिली चिल्लर मिळाली तेव्हा त्यांनी आल्यागेल्याला मोबाइल उघडून दाखवला.

आता या नाण्याला बँक नाही. मग कुणी कुणाला काय दिलं हे खरं कसं मानायचं? तर व्यवहारांचा गठ्ठा बांधायचा, त्यावर कुणीतरी शिक्का मारायचा आणि तो सगळ्यांनी मान्य करायचा. याला एकमत म्हणतात. शिक्का कुणी मारायचा हे ठरवण्याच्या रीती निरनिराळ्या आहेत. हृषीकेशनं सर्वांत जुनी आणि मानाची रीत निवडली होती. मशिनांनी एक अवघड कोडं सोडवायचं, जे आधी सोडवेल त्याचा शिक्का. त्या कोड्याचा कुणाला काही उपयोग नसतो. ते अवघड असतं हाच त्याचा उपयोग. दोन्ही मशिनं आमचीच, त्यामुळे आमच्या मागच्या खोलीत अखंड एक मशीन दुसऱ्याला हरवत होतं, आणि जिंकलेलं नि हरलेलं, दोन्ही सारखीच वीज खात होती.

"थंड नाही ठेवली तर बंद पडतात गं," हृषीकेश म्हणायचा.

"आणि ही?" मी शाल्मलीच्या मानेवरची घामोळी दाखवायची.

"ही कुठं बंद पडते?" तो एकदा म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंसं झालं असावं, कारण लगेच पुठ्ठा घेऊन तिला वारा घालत बसला. पुठ्ठा मशिनाच्या खोक्याचाच होता.

मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आकडा बघून दारातच थबकला. "वहिनी, घरात माग टाकला काय हो?"

"माग कुठला हो," सासूबाई म्हणाल्या, "पोरगा चिल्लर काढतोय."

त्यानं एकदा मीटरकडे आणि एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि पुढच्या घराकडे गेला.

मला नाण्याशी भांडायचं नव्हतं. मला ती खोली हवी होती. मे महिना तोंडावर होता आणि शाल्मली हॉलच्या फरशीवर अशी झोपायची की उचलली की खाली तिच्याएवढा ओला ठसा. चारचौघांत मी नवऱ्याला अहो म्हणते आणि दार लोटलं की हृषी. दार लोटून म्हटलं, "हृषी, मशिनं काढ."

"मशिनं बंद म्हणजे शिक्का बंद. शिक्का बंद म्हणजे चिल्लर बंद. एकमताची रीतच बदलली तरच जमेल, आणि ते का सोपं आहे?"

दूध पाजताना एक हात मोकळा असतो. लग्नाआधी मी पुण्यात सॉफ्टवेअर तपासायच्या कामावर होते. त्या मोकळ्या हातानं मी रीती वाचायला घेतल्या.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बैठक बसली. राजशेखर आला होता, आणि माझे सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांचं नाव यज्ञेश्वर. कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची खरी नोकरी गल्लीतल्या महादेवाची. तिथली पूजा आमच्या घराण्याकडे आहे, भाऊबंदांत पाळीपाळीनं. आज याची पाळी, उद्या त्याची. अण्णांच्या आठवणीत देवाची पूजा एक दिवस चुकलेली नाही. नाण्यातलं आपल्याला काही कळत नाही असं ते म्हणायचे आणि प्रत्येक बैठकीला सर्वांत आधी येऊन बसायचे.

मी म्हटलं, "एक रीत अशी की ज्यानं चिल्लर जास्त ठेव म्हणून ठेवली, त्याला शिक्क्याचा मान जास्त. वीज लागत नाही."

"म्हणजे ज्याची ठेव मोठी त्याचं खरं," अण्णा म्हणाले. "मग तुम्ही नवीन काय काढलंत?"

राजशेखर हसला. सर्वांत जास्त चिल्लर त्याच्याच वडिलांकडे होती. "काका, आमच्या आप्पांच्या हातात शिक्का दिला तर संध्याकाळी नवी पेठ माझ्या नावानं बोंब मारील की."

"दुसरी रीत," मी म्हटलं, "विश्वासातली काही माणसं आधीच ठरवायची. त्यांनी पाळीपाळीनं शिक्का मारायचा. मोबाइलवर होतं. वीज म्हणाल तर तो मोबाइल चार्ज करायला लागेल तेवढीच."

अण्णा टेकलेले होते ते ताठ बसले. "पाळीनं?"

"पाळीनं."

"मग हे आधी का नाही बोललात?" त्यांनी हृषीकेशकडे असं पाहिलं की जणू इतके दिवस घरातली विहीर सोडून तो बाहेरून पाणी आणत होता. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या दुसरं काय करतोय!"

मग नावं निघाली. सात जण हवे होते आणि त्यांतल्या चौघांचं पटलं तर कारभार चालणार होता. पहिले अण्णा. मग त्यांचे पाच भाऊबंद, सगळे देवळातल्या पाळीचे, सगळे सचोटीचे. सातवा राजशेखर. हृषीकेशचं नाव अण्णांनीच गाळलं. "ज्यानं कुलूप बनवलं त्याच्याकडं किल्ली नको." हे मला फार आवडलं.

"अण्णा," मी म्हटलं, "माणसं वेगवेगळ्या घरांतली असावीत असं वाचलंय. म्हणजे एकाचं अडलं तरी सगळ्यांचं अडत नाही."

"वेगवेगळ्या घरांतलीच आहेत की," अण्णा म्हणाले. "एक इथं, एक जुळे सोलापुरात, एक होटगी रोडला, अजिनाथ विजापूर रोडला. एकाच्या घरची लाईट गेली तर दुसऱ्याची जात नाही."

यात चूक काढता आली नाही. मलाच काय, कुणालाच.

हृषीकेशनं एक अट घातली. महिनाभर हे बिनबोभाट चाललं तर मशिनं विकायची. मध्ये कुठं अडलं तर त्याच खोलीत परत चालू करायची. म्हणजे खोली शाल्मलीला मिळाली ती महिन्याच्या बोलीवर. मशिनांवर चादर टाकली. पाळणा आत गेला. पहिल्या दुपारी ती इतकी गाढ झोपली की मी दोनदा नाकाशी बोट धरून पाहिलं.

शिक्का आपोआप मारायची सोय हृषीकेशनं ठेवली होती. अण्णांनी ती बंद करायला लावली. "आपोआप? मग पाळी कसली? पाळी म्हणजे माणूस हजर पाहिजे." त्यांनी शिक्क्यासाठी जुना मोबाइल देवघरात पाटावर ठेवला. सकाळी आंघोळ, मग पूजा, मग शिक्का. अण्णांचं बघून पाचही भाऊबंदांनी तसंच केलं. कुणी मोबाइलला गंधही लावायचं. एकाचा कॅमेरा त्यानं बुजला, पण शिक्क्याला कॅमेरा लागत नाही. मे महिना लागला, नवी पेठेत चिल्लर फिरत होती, घामोळी सुकत आली होती, आणि मी मनात मशिनांना गिऱ्हाईक शोधत होते.

अशात अक्कलकोटकडच्या एका गावी आमचे एक गुरप्पा आजोबा वारले. अण्णांचे चुलत चुलते. वय झालं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. हृषीकेशनं पाहिलं होतं का, यावर त्याचं आणि सासूबाईंचं एकमत नव्हतं. पण कूळ एक, म्हणून घराण्याला दहा दिवसांचं सुतक आलं.

सकाळी अण्णा आंघोळ करून बाहेर आले आणि देवघराकडे न जाता खुर्चीवर बसले. सासूबाईंनी देवघराचं दार ओढून घेतलं. मोबाइल आत, पाटावर.

"अण्णा, शिक्का?" हृषीकेशनं विचारलं.

"सुतक आहे की रे."

"सुतक देवाला. हे नाणं आहे."

"देवापुढं ठेवलेलं नाणं आहे. पूजा झाल्याशिवाय मी कधी शिक्का मारलाय का? मग आज पूजेवाचून मारू?"

दुसऱ्या भाऊबंदाकडे तेच. तिसऱ्याकडे तेच. घरं चारी दिशांना होती, लाईटही कुणाची गेली नव्हती, पण आजोबा सगळ्यांचे एकच होते.

मी एकेकाला फोन लावला. अजिनाथ काका बँकेतून मोठ्या पदावर निवृत्त झालेले. म्हणाले, "ज्ञानदा, मी असलं काही मानत नाही. पण अण्णा मानतात ना, त्यांना कसं दुखवायचं?" होटगी रोडचे काका म्हणाले, "माझं काही नाही गं, अजिनाथला चालणार नाही." जुळे सोलापूरचे काका म्हणाले, "मी आत्ता मारतो शिक्का, पण होटगी रोडला कळलं तर वर्षभर ऐकवतील." पाचांतला एकही जण सुतक मानत नव्हता आणि पाचही जण पाळत होते. एकमत म्हणजे काय, हे इतकं वाचूनही मला त्या दिवशी नीट समजलं.

दुपारी राजशेखर घाम पुसत आला. "आमच्यात सुतक नसतंय हो काका. मी मारून बसलोय. पण एकट्याच्या शिक्क्याला कोण विचारतंय? पेठेत चिल्लर अडकली सगळी. लोक म्हणतात, बुडालं का काय? आज मी स्वतः गिऱ्हाइकाच्या हातावर चॉकलेट ठेवलं!" हे सांगताना त्याचा आवाज खरोखर भरून आला.

"तूच आतून काहीतरी कर की," तो हृषीकेशला म्हणाला.

"मागच्या दारानं मीच शिरलो तर मग बँकच काय वाईट?" हृषीकेश म्हणाला, आणि उठला. मला त्याचं उठणं कळलं. तो मागच्या खोलीत गेला आणि त्यानं मशिनांवरची चादर काढली.

पाळण्यात शाल्मली झोपली होती. मूठ गालाखाली.

"दहा दिवसांचा प्रश्न आहे, ज्ञानदा."

"दहा दिवसांनी म्हणशील, आता बदलायचं कशाला. हृषी, पाळण्याला हात लावायचा नाही. मला संध्याकाळपर्यंत वेळ दे."

त्यानं चादर परत टाकली नाही, पण वायरही जोडली नाही. त्याच्या बाजूनं हे पुष्कळ होतं.

काय करायचं ते मला माहीत नव्हतं. मी हॉलमध्ये येऊन उभी राहिले तर दारात हेमावती आत्या. अण्णांची धाकटी बहीण, होटगीला दिलेली. यजमान रेल्वेतून निवृत्त. सकाळपासून दोघं आमच्याच गल्लीत होती म्हणे, आणि आत्या जाताना डोकावल्या होत्या.

"पाणी देऊ, आत्या?"

"नगं पोरी, सुतक हाय तुमचं. बसायला काय हुत न्हाय. ते गार खोलीत बसू का जरा? पाय भाजले बघ."

"तुम्हाला नाही का सुतक?"

"मला कशाचं? मी दुसऱ्या कुळात गेले की."

"आणि सकाळपासून इथं कशा?"

"आगं, देवळाची पूजा कोन करनार? दादानं काल रातीच फोन करून ह्यांना बोलावलं. तुमच्या घराण्याला सुतक लागलं की पूजा आमच्याकडं. माझ्या लग्नापासनं असंच हाय."

मी अण्णांकडे वळले. "अण्णा, देवळातली पूजा चालू आहे?"

"म्हणजे काय? देव उपाशी ठेवायचा होय?" अण्णा चकित झाले.

"मग आत्यांनाही एक पाळी द्या नाण्याची. नवीन माणूस घ्यायला चौघांचं मत लागतं. राजशेखरभाऊंचं आहे. तुमचं आणि दोघा काकांचं पाहिजे."

"मत म्हणजे शिक्काच ना? सुतकात कसा मारू?"

"देवळाची किल्ली यजमानांना कुणी दिली?"

"मी."

"सुतकात?"

"किल्ली देणं म्हणजे पूजा नव्हे गं. उलट दिलीच पाहिजे. आपल्याला जमत नाही म्हणून तर—" अण्णा थांबले. राजशेखर तोंड उघडणार होता, त्याला मी डोळ्यानं दाबलं.

"हे मत म्हणजे किल्ली देण्यासारखं," अण्णा सावकाश म्हणाले, जणू हे त्यांनाच सुचलं होतं. "पण मोबाइल देवघरात आहे. मी आत जाणार नाही."

आत्या उठल्या, देवघरात गेल्या, पाटावरचा मोबाइल उचलून पदरानं गंध पुसलं आणि भावापुढं धरला. "घे दादा. द्येव न्हाय ह्यो, फोन हाय. दाब."

अण्णांनी अंगठा ठेवला. मग स्वतः अजिनाथ काकांना फोन केला. "किल्ली द्यायची आहे, सगळ्यांनी द्या." सुटल्यासारखं झालं असावं सगळ्यांना. चहा होईपर्यंत पाचही जणांचं मत आलं, आणि प्रत्येकानं वर सांगितलं, तुम्ही म्हणताय म्हणून हो अण्णा.

पण आत्या एकट्या आणि राजशेखर एकटा, तरी दोघंच. म्हणून अण्णांनीच पुढचा धागा ओढला. घराण्यातल्या दिलेल्या मुली किती आहेत? हृषीकेशची बहीण अंकिता बार्शीला, अजिनाथ काकांची पायल लातूरला, आणखी दोघी. एकीचंही कूळ दुसरीसारखं नाही. ज्यांना घराण्यानं वाजतगाजत बाहेर पाठवलं होतं, त्यांची नावं पहिल्यांदाच कुणीतरी एका दमात घेत होतं. भाऊबंदांतले तिघं निवृत्त करायचे ठरले. त्यांनी ते आनंदानं मान्य केलं, सकाळी लवकर उठावं लागायचं म्हणून.

"एक अडचण आहे," अण्णा खालच्या आवाजात म्हणाले. "बायकांचे ते चार दिवस..."

"तवा दुसरी मारंल की," आत्या म्हणाल्या. "समद्या घरच्या पोरींचं एकदम येतंय व्हय? सुतक तेवढं तुमचं एकदम येतंय."

राजशेखरला ठसका लागला. अण्णांनी विषय बदलला.

संध्याकाळी आत्यांनी पहिला शिक्का मारला. गार खोलीत, पाळण्याशेजारी बसून. त्या आधी हातपाय धुवून आल्या होत्या, कारण अण्णा बघत होते. पाठोपाठ आपापल्या गावाहून चौघी मुलींचेही शिक्के आले आणि अडकलेली चिल्लर सुटली. पुढच्याच आठवड्यात हृषीकेशनं कॉलेजात या रीतीवर भाषण दिलं. त्याचा विषय कमी विजेतलं एकमत आणि आपली परंपरा असा होता. भाषणात अण्णांचे आभार होते, महादेवाचे होते, विजेचा तुलनात्मक तक्ता होता. माझ्या मोकळ्या हाताचा उल्लेख राहून गेला, पण घरी येताना त्यानं शाल्मलीसाठी पातळ मलमलीची झबली आणली. त्यावर मी विषय वाढवला नाही.

अण्णा आता नातीला मांडीवर घेऊन शिक्क्याचं महत्त्व समजावतात. "मोठी झालीस की तुलापण एक पाळी देणार बरं का."

"कधी, अण्णा?" मी विचारलं.

"लग्न झालं की. दुसऱ्या कुळात गेली की."

"आणि तिनं नाही केलं तर?"

अण्णांनी बराच वेळ तिच्या टाळूवरून हात फिरवला. "बघू," ते म्हणाले. "तोवर तुमच्या त्या रीतीत काहीतरी नवीन निघेल की."

महिना सरला तसं मशिनांना विजापूर रोडवरचं एक गिऱ्हाईक मिळालं. टेम्पो दाराशी लागला. हृषीकेश बराच वेळ मशिनांपाशी घुटमळला, एकावरची धूळ बाहीनं पुसली, आणि सासूबाई-अण्णा उभे असताना म्हणाला, "एक ठेवू या का? वेळप्रसंगी असावं म्हणून."

"ठेवा की अहो," मी म्हटलं. "आपल्या खोलीत. तुमच्या उशाशी."

आमच्या खोलीत पंखा आहे. पश्चिमेची भिंत संध्याकाळीसुद्धा हाताला चटका देते.

टेम्पोत दोन्ही मशिनं चढली. मी खोलीत येऊन दार लोटलं. जिथं ती होती तिथं फरशीचा चौकोन निराळाच दिसत होता, पुसूनही. शाल्मलीला मी खाली ठेवलं. ती पोटावर सरकत सरकत नेमकी त्या चौकोनावर गेली, गाल फरशीला लावला आणि डोळे मिटून तशीच पडून राहिली. मी एसी दोन अंशांनी कमी गार केला. तिला सर्दी होईल म्हणून.